डेटाबेस जोडला जात नाही? मर्यादा हजार करून भागत नाही

सध्या सगळीकडे फिरणारा सल्ला असा: "डेटाबेस जोडत नसेल तर मॅक्स कनेक्शन्स १००० करून सर्व्हर रीस्टार्ट करा, कनेक्टच्या ओळीला @ (पीएचपीत एरर दाबायचं चिन्ह) लावा आणि जोडलं जाईपर्यंत लूप फिरवा." तिन्ही गोष्टी घातक आहेत.

आधी मर्यादा, म्हणजे मॅक्स कनेक्शन्स: डेटाबेसला एका वेळी किती जोडण्या चालतील तो आकडा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ती मुळात १५१ असते. प्रत्येकी ४० पीएचपी वर्करचे (एका वेळी एक विनंती हाताळणाऱ्या प्रोसेस) ४ सर्व्हर एकाच डेटाबेसवर असतील तर गर्दीत १६० जोडण्या होतात आणि १०४० ही 'जोडण्या फार झाल्या' अशी एरर येते. इथे वर्कर ३० वर आणा, १२० होतील. क्रॉनसाठी (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि तुमच्यासाठी जागा उरेल. मर्यादा खरंच वाढवायची असली तरी 'सेट ग्लोबल' या आज्ञेने चालू सर्व्हरवर वाढते. रीस्टार्टने उलट तपासायचा पुरावाच पुसला जातो.

म्हणून आधी 'शो प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा देऊन चालू जोडण्यांची यादी बघा. बहुतेक ओळी 'स्लीप', म्हणजे रिकाम्या, दिसल्या तर कोड जोडण्या धरून बसलाय. रिकामी जोडणी आपोआप तुटायची मुदत, म्हणजे वेट टाइमआउट, मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास असतो. एकच क्वेरी पन्नास ओळींत अडकलेली दिसली तर दुखणं बहुधा इंडेक्सचं (टेबलात नोंद पटकन शोधायच्या सूचीचं) आहे. लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीनचे भाव दाखवणारी साइट घ्या. सौदा निघाला की सगळे एकदम भाव बघतात. जिन्नस आणि तारीख यांवर मिळून इंडेक्स नसेल तर प्रत्येक माणसामागे अख्खं टेबल वाचलं जातं. काटा एकच ठेवून मोंढ्याचं गेट रुंद केल्यानं माप लवकर होत नाही, आत गाड्या तेवढ्या तुंबतात. इथेही तेच: प्रत्येक जोडणी सॉर्टला, जॉइनला वेगळी मेमरी मागते. ४ जीबीच्या मशीनवर हजार जोडण्या एकदम कामाला लागल्या तर लिनक्स मायएसक्यूएललाच मारून टाकू शकतो. मग १०४० जाऊन २००२ ('सर्व्हरशी संपर्कच होत नाही') येते, तीही सगळ्यांना.

@ लावून एरर दबत नाही. पीएचपीतून डेटाबेस जोडायचे दोन मार्ग आहेत, मायएसक्यूएलआय आणि पीडीओ. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय मुळातच एक्सेप्शन (पकडलं नाही तर प्रोग्रॅम थांबवणारी एरर) फेकतो, पीडीओ तर जोडताना कायमच फेकत आला आहे. @ एक्सेप्शन अडवत नाही. ते ट्राय-कॅचमध्ये पकडा, एररचा कोड लॉगमध्ये लिहा, वाचकाला ५०३ ('सेवा तात्पुरती बंद') आणि 'थोड्या वेळाने बघा' एवढंच द्या. मूळ संदेश पडद्यावर छापू नका, त्यात होस्ट आणि युजरचं नाव असू शकतं. आणि जोडणी तुटलेली असताना 'आज भाव नाही' असं तर कधीच दाखवू नका. ते वाचून एखादा शेतकरी भरलेली गाडी घरीच ठेवेल.

लूपबद्दल: १०४५ म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकला, हजारदा विचारलं तरी उत्तर तेच. २००२ ला आधी सर्व्हर चालू आहे का बघा. चालू असेल तर सॉकेटचा (त्याच मशीनवर जोडण्यासाठीच्या फाइलचा) मार्ग तपासा. 'लोकलहोस्ट' लिहिलं की सॉकेट वापरला जातो, १२७.०.०.१ लिहिलं की टीसीपी, म्हणजे नेटवर्कची जोडणी. पुन्हा प्रयत्न करायचाच तर तीनदा: २००, ४००, ८०० मिलिसेकंद थांबून, त्यात थोडा यादृच्छिक फरक घालून. नाहीतर सगळे वर्कर एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावतात.

हे फक्त जोडण्यापुरतं. कमिट करताना (नोंद पक्की करताना) २०१३ ('जोडणी मध्येच तुटली') आली तर नोंद झाली की नाही हे क्लायंटला कळत नाही. आंधळेपणाने पुन्हा लिहिलं तर एकाच मालाची हिशोबपट्टी दोनदा पडते. पट्टी क्रमांकावर युनिक की (एकच क्रमांक दोनदा न घेणारी) ठेवा, पुन्हा लिहा. १०६२ ('ही नोंद आधीच आहे') आली तर पहिली नोंद झालेली होती.