प्रगती हवी, कटकट नको

अभिनंदन! तंत्रज्ञान आणि नवनिर्मितीचं खातं तुमच्या वाट्याला आलं. फार सोयीचं खातं आहे. रस्त्याच्या खात्यात खड्डा दिसतो, पाण्याच्या खात्यात कोरडा नळ दिसतो. इथे जे काही दिसायचं ते वीस-पंचवीस वर्षांनी, आणि तोवर तुमची बदली, बढती किंवा आत्मचरित्र यांपैकी एक तरी नक्की झालेलं असेल. कामं दोनच. जे तंत्रज्ञान येऊन बसलंय त्याला वेसण घालायची, आणि जे आलेलं नाही ते आपल्या प्रदेशात ओढून आणायचं. ही दोन्ही कामं निभावून नेणाऱ्यांचा अनुभव एकच सांगतो: प्रश्न विचारणारा माणूस जवळ फिरकू देऊ नये.

सुरुवात नावापासून करा. ‘सिलिकॉन’ घ्यायचं आणि त्यापुढे हाताशी असेल ती भौगोलिक वस्तू जोडायची. स्कॉटलंडने दरी जोडली, केंब्रिजच्या परिसराने दलदल जोडली, लंडनमध्ये तर रहदारीचं वर्तुळही चालून गेलं. हाती कथलाचा वाळा असला तरी नाव सोनूबाई ठेवायला कोणाची हरकत नसते. बोधचिन्ह, कमान, उद्घाटनाची तारीख. संशोधक मागाहून येतील.

ते नाही आले तर मोठी कंपनी आणा. 2017 साली अॅमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी जागा शोधत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या 238 ठिकाणांनी अर्ज केले. अॅरिझोनातल्या टुसॉन शहरच्या मंडळींनी तर 21 फुटांचं निवडुंगाचं झाड पाठवलं. कंपनी भेटवस्तू स्वीकारत नव्हती, म्हणून ते झाड एका संग्रहालयाकडे गेलं. तुम्ही मात्र यातून नाउमेद होऊ नका. झाड नको म्हणणारे करसवलत नको म्हणत नाहीत.

सवलत कशी द्यावी याचा उत्तम नमुना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने घालून दिला आहे, तो जरा बारकाईने पाहा. फॉक्सकॉन ही इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारी तैवानी कंपनी तिथे 10 अब्ज डॉलर गुंतवणार आणि 13,000 नोकऱ्या देणार असं 2017 मध्ये ठरलं. बदल्यात राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. माउंट प्लेझंट गावात जागा मोकळी करायची म्हणून लोकांना घरं सोडावी लागली. जून 2018 मध्ये भूमिपूजन झालं. फावडी सोनेरी होती, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी प्रकल्पाला जगातलं आठवं आश्चर्य म्हणून टाकलं. 2021 मध्ये करार नव्याने लिहिला गेला: गुंतवणूक 67 कोटी 20 लाख डॉलर, नोकऱ्या 1,454. आता कोणी म्हणेल, फसगत झाली. छे! तुम्ही मुद्दा नीट समजून घ्या. छायाचित्र 2018 मध्ये निघालं, हिशेब 2021 मध्ये झाला. ही तीन वर्षं म्हणजेच तुमची कारकीर्द.

आता एक धोक्याची सूचना. अभ्यास दौरा म्हणून कॅलिफोर्नियातल्या मूळ सिलिकॉन व्हॅलीला जरूर जा, पण तिथे काय घडलं होतं याची फार चौकशी करू नका. 1957 साली विल्यम शॉकली या नोबेल विजेत्या साहेबांच्या जाचाला कंटाळून आठ जणांनी त्यांची प्रयोगशाळा सोडली आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. ‘गद्दार’ म्हणूनच ते आठ जण इतिहासात गेले. पुढे त्यांच्यातल्याच दोघांनी, रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी, तीही सोडून 1968 मध्ये इंटेल काढली. म्हणजे ज्या खोऱ्याच्या नावाची पाटी तुम्ही लावताय, ते नोकरी सोडून पळालेल्या लोकांनी वसवलं आहे. शिवाय त्या राज्यात 1872 पासूनचा कायदा असा की, नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, ही करारातली अट न्यायालयात टिकत नाही. तिकडे बॉस्टनभोवतीच्या रूट 128 या महामार्गालगतच्या संगणक उद्योगात अशा अटी चालत, कंपन्या आपापल्या भिंतींआड सगळं ठेवत. हे एवढंच कारण होतं असं नाही, पण तिथल्या संगणक कंपन्यांपैकी वँग 1992 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि डेक 1998 मध्ये कॉम्पॅकने विकत घेतली.

तुम्ही अर्थातच बॉस्टनचं धोरण उचला. हुशार माणूस आपल्या संस्थेतून उठून समोर स्वतःचं दुकान मांडतो, ही कल्पनाच कोणत्याही सज्जन अधिकाऱ्याला सहन होण्यासारखी नाही. त्याच्याकडून बाँड लिहून घ्या. गेला तर निवृत्तिवेतन अडकवा.

कोणी तैवानचं उदाहरण तोंडावर फेकेल, त्याची तयारी ठेवा. तिथल्या सरकारने 1973 मध्ये औद्योगिक संशोधन संस्था काढली, 1976 मध्ये आरसीए या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी करार करून आपले अभियंते अमेरिकेत शिकायला धाडले, 1980 मध्ये शिंचूचं विज्ञान उद्यान उघडलं आणि चिप बनवणारी टीएसएमसी जन्मली ती 1987 मध्ये. चौदा वर्षं! आणि एवढं शिकवून तयार केलेली माणसं सरकारी संस्थेने स्वतःहून नव्या कंपन्यांकडे जाऊ दिली. असल्या उधळपट्टीला आपल्याकडे लेखापरीक्षक काय म्हणतील, याचा विचार करा. उद्यानाचं कुंपण तेवढं उचलता येईल. ते एका हंगामात होतं.

वेसण घालायच्या कामाकडे येऊ. डेव्हिड कॉलिंग्रिज नावाच्या एका ब्रिटिश विचारवंताने 1980 मध्ये एक पेच मांडून ठेवला: तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा त्याचे परिणाम कळत नाहीत, म्हणून बदलायचं काय ते समजत नाही, आणि परिणाम कळतात तेव्हा ते इतकं मुरलेलं असतं की बदलणं परवडत नाही. बिचाऱ्याने हा काळजीचा विषय म्हणून मांडला. तुमच्यासाठी मात्र हे आयतं वेळापत्रक आहे. आधी म्हणायचं, ‘अजून घाई नको.’ मग म्हणायचं, ‘आता काय उपयोग?’ या दोन वाक्यांच्या मधला दिवस कोणत्याही कार्यालयीन दिनदर्शिकेत पडत नाही.

विश्वास बसत नसेल तर शिशाच्या पेट्रोलची हकिगत ऐका. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिन खडखडत नाही, हे सापडलं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार मरण पावले. मरण्याआधी भ्रमिष्ट झाले. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि बाटली नाकाला लावून दाखवली. शिशाच्या विषबाधेमुळे आदल्या वर्षी आपल्यालाच फ्लोरिडात विश्रांतीला जावं लागलं होतं, हे त्याने तिथे सांगितलं नाही. 1925 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी स्पष्ट इशारा दिला. पण समिती नेमली गेली, समितीला बंदी घालण्याइतकं ठोस कारण दिसलं नाही, आणि पुढचा अभ्यास ज्यांचा धंदा होता त्यांच्याच पैशावर चालला. सगळ्यांत शेवटी अल्जीरियातल्या पंपांवरून हे पेट्रोल संपलं ते 2021 मध्ये. बाईंच्या इशाऱ्यानंतर 96 वर्षांनी. समितीचं काम यापेक्षा चोख कुठे झालं असेल?

नुकसान झाल्याचा पुरावा आणा, मग बघू. हे वाक्य पाठ करा. पुरावा आणायचा म्हणजे आधी नुकसान होऊ द्यायला हवं, हे समोरच्याच्या लक्षात यायला एक पिढी जाते.

कडकपणा अगदीच दाखवायचा नाही असं नाही. तो जिथे कोणाचं अडत नाही तिथे दाखवा. ब्रिटनने 1865 मध्ये रस्त्यावरच्या स्वयंचलित गाड्यांना गावात ताशी 2 मैल आणि बाहेर 4 मैल वेगमर्यादा घातली, वर पुढे 60 यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालवला. हा ताशी 4 मैलांचा नियम 1896 पर्यंत टिकला. निशाणवाल्याला रोजगार मिळाला, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

आणि ज्यांच्या पोटावर यंत्र येतं ते लोक? त्यांना अडाणी म्हणा, काम भागतं. 1811-12 मध्ये नॉटिंगहॅमच्या मोजे विणणाऱ्यांनी विणकामाची यंत्रं फोडली. त्यांचं म्हणणं मजुरी पाडण्याबद्दल आणि अर्धशिक्षित हातांकडून हलका माल काढून धंदा बुडवण्याबद्दल होतं. यंत्रावर तर ते स्वतःच वर्षानुवर्षं काम करत आले होते. पण एवढं ऐकत बसायला वेळ कोणाला? संसदेने 1812 मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. कवी बायरन उमरावांच्या सभागृहातल्या आपल्या पहिल्याच भाषणात विरोधात बोलला. कायदा झालाच. त्या मजुरांचं ‘लडाइट’ हे नाव मात्र आजही नव्या फोनला नाक मुरडणाऱ्या आजोबांना लावलं जातं, इतकं हे काम पक्कं झालं आहे.

घरातच प्रश्न विचारणारं कार्यालय असेल तर ते आधी बंद करा. अमेरिकी संसदेने 1972 मध्ये तंत्रज्ञानाचे परिणाम आधी तपासून सांगणारं कार्यालय काढलं होतं. त्याने शेकड्यांनी अहवाल दिले. 1995 मध्ये काटकसर म्हणून ते मोडीत काढलं, नेमकं इंटरनेट घराघरांत शिरत होतं तेव्हा. वेळ साधणं म्हणतात ते हे.

सर्वांत सावध राहायचं ते डेन्मार्कच्या खुळापासून. 1987 पासून तिथे पंधराएक सामान्य नागरिक निवडायचे, त्यांनी विषय वाचायचा, तज्ज्ञांना समोर बसवून प्रश्न विचारायचे आणि शेवटी अहवालही त्यांनीच लिहायचा, असा प्रकार सुरू झाला. पहिलाच विषय होता उद्योग आणि शेतीतलं जनुकतंत्र, आणि त्यानंतर संसदेने प्राण्यांवरच्या जनुकीय प्रयोगांना त्या संशोधन कार्यक्रमातून पैसा नाकारला. विचार करा, शिक्षिका आणि सुतार प्रश्न विचारतायत आणि प्राध्यापक घाम पुसत उत्तर देतायत. तुमच्यावर असा प्रयोग करायची पाळी आलीच तर माणसं आपल्या ओळखीतली निवडा, त्यांना जेवणानंतरच्या सत्रात बसवा, कागदपत्रं आदल्या रात्री पाठवा, आणि त्यांचा अहवाल मात्र त्यांच्या आधी छापून ठेवा. मुखपृष्ठावर हसऱ्या मुलांचा फोटो असू द्या.