गट्टू नका टाकू तिथे, हात जोडतो

डोकं फिरलंय म्हणून लिहून राहिलो. मोठं होणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जा.

नागपूरच्या काटोल रोडकडचं ते पार्क, नाव घेत नाही, जे जातात त्यांना कळलं. आत मुरमाची तीनेक किलोमीटरची सायकलची वाट आहे, सागा-पळसातून वळत वळत जाते. आज सकाळी थंडीत पोट्ट्यांना उठवून, स्वेटर-कानटोप्या घालून नेलं तर वाटेच्या तोंडाशीच गट्टूंची, म्हणजे फुटपाथवर बसवतात त्या सिमेंटच्या ठोकळ्यांची, ही थप्पी! लाल, पिवळे. दोरी मारलेली, चुना टाकलेला, ट्रॅक्टर उभा. तिथल्या माणसाला विचारलं, काय करून राहिले भाऊ? तर म्हणे सुशोभीकरण आहे साहेब, फॅमिलीवाल्यांची सोय होते.

अरे पण फॅमिलीवाले म्हणजे आम्हीच ना? आम्हाला कोणी विचारलं? अख्ख्या शहराचं सिमेंट करून झालं, घरापेक्षा रस्ता वर गेला, पावसाळ्यात पाणी हॉलमध्ये येते, तरी मन नाही भरलं यांचं, आता जंगलात पण गट्टू.

माझ्या वहिनीची गोष्ट सांगतो म्हणजे समजेल काहून एवढा चिडलोय. वहिनी आर्वीकडची. शाळेत असताना सायकलनंच जायची यायची, लग्न होऊन नागपूरला आली आणि सायकल सुटली ती सुटलीच. इथे रस्त्यावर कुठे चालवणार, एकीकडून बस, दुसरीकडून ऑटो, कॉलनीत कुत्रे. मागच्या हिवाळ्यात सगळे मिळून पार्कात गेलो होतो, गेटवर जाड टायरच्या सायकली भाड्यानं मिळतात, पोरांसाठी घेतल्या आणि एक उगाच जास्तीची घेतली. वहिनी म्हणे मी नाही बाई, मी डबे सांभाळते. पुतणीनं हाताला धरून ओढलं तेव्हा कुठे बसली. मी मागून सीट धरायला गेलो तर म्हणे, "भाऊजी, धरू नका हो, लोक बघतात."

आणि गेली की! हळूहळू, डगमगत, पण गेली.

आता त्या वाटेचं सांगतो, कारण ज्यानं गट्टूचं इस्टिमेट काढलं तो त्या वाटेवर सायकल घेऊन गेलेला नाही हे मी लिहून देतो. ती वाट सोपी आहे म्हणजे ती कशीही खोदून ठेवलीय असं नाही. टेकडीच्या अंगानं तिरपी काढलीय, सरळ चढ कुठेच नाही. बाहेर, अमेरिकेकडे, अशा वाटांना रंग देतात, स्कीइंगच्या उतारांना देतात तसे, हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मधली, काळा हिरा म्हणजे आपलं काम नाही. हिरव्या वाटेचा चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आत ठेवतात, म्हणजे शंभर मीटर गेलो तर पाच मीटर वर. पोरगं दमत नाही, आणि उतारावर सायकल हाताबाहेरही जात नाही. वाटेची खालची कड जराशी झुकती ठेवतात आणि मधेमधे चढाला उलटा बाक देतात, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूला उतरून जाते. या पार्कातली वाट डिट्टो तशीच आहे, कोणी काढली देव जाणे, पण ज्यानं काढली त्याच्या हाताला गुण आहे. त्यावर हे लोक रोलर फिरवणार.

तर वहिनी. मधे एक नाला लागतो, कोरडाच असतो, त्यात उतरून लगेच वर चढायचं. वहिनी तिथे उतरली आणि सायकल हातात धरून चालत गेली. पुढच्या फेरीला परत तेच. मग पुतणी, वय वर्षं अकरा, तिनं आईचा क्लास घेतला. पायडल दोन्ही एका लेव्हलला ठेव, सीटवरून जराशी ऊठ, कोपर सैल सोड, दोन्ही ब्रेक हळूच दाब, आणि त्या दगडाकडे नको बघू, जिकडे जायचं तिकडे बघ, नाही तर दगडावरच जाशील. वहिनी दगडाकडेच बघत होती आणि दगडावरच जात होती! मग एकदा मान वर करून गेली आणि सुटली पार. पलीकडून असा काही आवाज काढला की झाडावरचे पोपट उडाले. त्यानंतर तिनं सायकल कोणाला दिलीच नाही, पोट्टे मागे मागे पळून राहिले, काकू आमची पाळी, काकू आमची पाळी, आणि काकू परत नाल्याकडे.

गट्टूवर हे होईल का, सांगा. तो नाला बुजवून वर स्लॅब टाकतील, संपलं.

आणि आज तिथे एक गृहस्थ भेटले, लायक्रा घातलेले, सायकल माझ्या बाईकपेक्षा महाग असेल. मला वाटलं हा तरी आपल्या बाजूनं बोलेल. तर म्हणे, जाऊ द्या हो, ही तशीही लेकराबाळांची वाट होती, यात काय थ्रिल. मी गप्प बसलो, घरी येऊन सुचलं काय बोलायचं ते, म्हणून इथे बोलतो. दादा, ज्या खेळाचे कपडे घालून तुम्ही फिरता तो माउंटन बायकिंगचा खेळच भंगार सायकलींवर सुरू झाला. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटीत काही पोट्टे जुन्या जाड टायरच्या जड सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या रस्त्यानं खाली सुटायचे. १९७६ साली त्यांची पहिली रेस झाली, रीपॅक नाव पडलं, कारण उतरता उतरता ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि दरवेळी नवीन भरावं लागायचं. सस्पेन्शन नाही, कार्बन नाही, काही नाही. त्या पोट्ट्यांनी माझ्या वहिनीला रांगेत उभं केलं असतं, तुम्हाला नाही.

बरं, जास्त झालं. माणूस वाईट नसेल.

काही जण म्हणतील गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं, व्हीलचेअरवाल्यांनी काय करायचं. बरोबर आहे. त्यांच्यासाठी तलावाच्या कडेनं करा ना पक्का रस्ता, जागा सपाट आहे, मी स्वतः टाळ्या वाजवायला येतो. आणि हो, पावसाळ्यात त्या वाटेचा एक पट्टा काळ्या मातीतून जातो, तिथे टायरला अशी माती बसते की चाकच फिरत नाही, मान्य. तेवढ्या तुकड्यात मुरूम टाका, दोन ट्रॉल्या, काम फत्ते. त्यासाठी अख्खी वाट कशाला गाडता? गट्टूवर सागाखालच्या सावलीत शेवाळ धरते, त्यावर ब्रेक मारला की पोरगं सरळ तोंडावर. आणि मे महिन्यात तव्यासारखे तापतात ते वेगळंच. रुंद गुळगुळीत केलं की मोटरसायकली आत शिरतात, मग लेकरांना सोडून दाखवा मोकळं.

आणि पाणी? २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र विसरले का सगळे, अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घराघरात घुसलं होतं? पाणी मुरायला जागा ठेवायची नाही आणि मग बोटी घेऊन फिरायचं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आज थप्पीच्या बाजूनं सायकली काढून घेतल्या आणि फिरलो तरी. पोट्ट्यांना काही फरक पडला नाही, नाल्यात उतरले, वर आले, परत उतरले. माझी लहानी आजच पहिल्यांदा एकटी उतरली, मागे वळून पण नाही बघितलं तिनं. घरी येऊन सॉक्समधली कुसळं काढत बसलो होतो तिघंही.

ज्यांनी वाट बघितली नाही त्यांनी या रविवारी जाऊन घ्या, राहील न राहील. हेल्मेट घरून न्या, भाड्याच्या सायकलीसोबत मिळते ते लहान मुलांना ढिलं होते. टायरमध्ये हवा टम्म नका भरू, मुरमावर घसरते. पंप आणि पंक्चरचं सामान ठेवाच, गोखरूचे काटे आहेत, दोन्ही टायर एकदम बसतात. परत येताना तर्री पोहे, ते सांगायला नको.

आणि उद्या अर्ज देतोय, काम थांबवा म्हणून. सह्या पाहिजेत, वहिनीची पहिली झाली, पेन जोरात दाबून केलीय. कोणाची त्या खात्यात ओळख असेल तर इनबॉक्स करा. कोणाची अर्जाची भाषा चांगली असेल तर मसुदा बघून द्या रात्री, माझ्या मसुद्यात दोन ठिकाणी असे शब्द आलेत जे साहेबाला देता येत नाहीत.