दाजी, उंच गाडी म्हणजे आरामाची गाडी नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या पैपाहुण्यांच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. "लांबच्या प्रवासाला गाडी घेताय? फसू नका!" असा मथळा, खाली आठ मुद्दे, प्रत्येकापुढं हिरवी खूण. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर दिसला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर दिसला, आणि रात्री आमच्या गॅरेजच्या मेस्त्रीनंही मलाच पाठवला. मी काही बोललो नसतो. पण त्याखाली संकेश्वरच्या दाजींनी लिहिलं होतं, "एकदम बरोबर. आता ठरलं."

दाजींची थोरली यंदा पुण्यात नोकरीला लागली. महिन्याला एक फेरी धरली तर गाडी हवीच. मेसेजचा सारांश असा: गाडी जितकी उंच तितका आराम, जड गाडी सुरक्षित, सीट सोफ्यासारखी मऊ बघा, चाकं मोठी घ्या, हायवेला डिझेलच, ऑटोमॅटिक घाटात नको, मात्र 'अडास' (पुढच्या गाडीमागं अंतर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) असू दे, म्हणजे पाय मोकळे, आणि टेस्ट ड्राइव्हच्या भानगडीत पडू नका, व्हिडिओ बघून ठरवा.

मी बेळगावात शहापूरला राहतो. पुणं इथून ३४० किलोमीटरच्या आसपास, बेंगलोर पाचशे. दोन्ही बाजूंना अकरा वर्षं गाडी चालवतोय, आणि बहुतेक वेळा मागच्या सीटवर आई असते. कंबर धरलेली, वय ७४. त्यामुळं दाजी, राग मानू नका, पण हे ठरायच्या आधी एवढं वाचा.

उंचीचा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण शोरूममध्ये तो खराच वाटतो. वर बसलं की रस्ता लांबवर दिसतो, ट्रकच्या मागं कोंडल्यासारखं होत नाही. पण हे सुख चालवणाऱ्याचं. मागच्याच्या वाट्याला येतो तो हेलकावा. गाडी वर उचलली की तिचा भारही वर जातो आणि वळणावर ती जास्त कलते. मग बनवणाऱ्यानं एक तर कलू द्यायची, नाहीतर स्प्रिंगा आणि खालचा आडवा दांडा कडक करून तिला आवरायची. कडक केली की एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं तरी अख्खी गाडी आडवा हिसका खाते आणि मागच्याचं डोकं काचेकडं जातं. पैसे ओतून यातून वाट काढलेल्या उंच गाड्या आहेत. पण ती वाट शॉकअपच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या खर्चातून निघते. उंचीतून आपोआप निघत नाही.

अंगाला हलणं दोन तऱ्हांनी बाधतं. पाच-सहा सेकंदांना एक असा संथ हेलकावा पोट ढवळतो. सेकंदाला चार ते आठ असे खालून येणारे बारीक धक्के मणक्याला लागतात. तवंदी घाटात पहिली तऱ्हा भोगायला मिळते. कागलच्या पुढं साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणासाठी जागोजागी रस्ता वळवलाय, तिथं दुसरी. आपल्या मार्गावर दोन्ही आहेत, म्हणून एकाच बाजूनं चांगली असलेली गाडी आपल्याला पुरत नाही.

तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या उंच सात सीटरमधून आम्ही पुण्याला लग्नाला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. तवंदीच्या पहिल्या वळणाला आरशात बघितलं, तर आईचा डावा हात खिडकीवरच्या कडीला. घाट संपेपर्यंत तो हात तिनं सोडला नाही. बांगड्या घसरून कोपराजवळ गेल्या होत्या. निपाणीत गाडी बाजूला घेतली तेव्हा म्हणाली, "जरा थांब रे, ढवळायलंय." त्याच घाटात आमच्या बुटक्या सेडानमध्ये ती भाजलेल्या शेंगा फोडत बसते. टरफलं खाली टाकते, ती तक्रार वेगळी.

आता कागदावरची उंची बघा. होंडा सिटी या सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर, १६५ मिलिमीटर, उंच क्रेटाचा १९०. फरक २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच. या इंचावर लोक लाख-दोन लाखांचा निर्णय घेतात. खानापूरच्या आतल्या वाडीवर घर असेल, पावसाळ्यात शेतापर्यंत गाडी न्यायची असेल, तर तो इंच लाखमोलाचा आहे, तिथं मी वाद घालणार नाही. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं घेऊन गावातल्या घरगुती स्पीडब्रेकरवर माझी गाडी घासते, हेही कबूल. पण दाजी, तुमचं घर हायवेपासून पाच मिनिटांवर, रस्ता डांबरी.

उंचीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी. गुडघे दुखणाऱ्याला खोल सीटमधून उठणं जड जातं. मेसेज लिहिणाऱ्यानं इथपर्यंत बरोबर लिहिलं आणि पुढचं सोडलं: फार उंच गाडीत चढणंही तितकंच जड. आईला इरकल सावरत पायरीवर पाय ठेवून चढताना बघा, म्हणजे कळेल. एका हातात निऱ्या, दुसरा हात दाराला, आणि मागून कोणीतरी आधार द्यायला. सीट साधारण बुडाच्या उंचीला हवी, म्हणजे माणूस तिच्यावर आडवा टेकतो आणि मग पाय आत घेतो. अक्काला शोरूममध्ये न्या आणि तीनदा बसवून-उठवून बघा. ब्रोशर मिटून ठेवलं तरी चालेल.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा शब्दही नाही, आणि आरामाचा निम्मा हिशोब तिथंच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, व्हीलबेस. कर्नाटकाची लाल बस असो नाहीतर महाराष्ट्राची एसटी, शेवटच्या बाकावर बसून कोल्हापूरला गेलेल्याला हे शिकवावं लागत नाही. मागच्या चाकाच्या मागं बसलेला माणूस टपापर्यंत उडतो, मधल्या बाकावरचा पेपर वाचतो. गाडीतही तेच. नेक्सॉनचा व्हीलबेस २,४९८ मिलिमीटर, सिटीचा २,६००, क्रेटाचा २,६१०, व्हर्टसचा २,६५१, अर्टिगाचा २,७४०. म्हणजे लोक जिला टॅक्सीची गाडी म्हणून नाक मुरडतात, त्या अर्टिगाची चाकं क्रेटापेक्षा लांब लांब आहेत आणि तिची मधली रांग दोन चाकांच्या बरोबर मध्ये येते. तिसऱ्या रांगेत मात्र मी कुणालाही पुण्यापर्यंत बसवणार नाही, पाहुणे नकोसे झाले असतील तर गोष्ट वेगळी.

वजनाबद्दल थोडक्यात. वजन आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाड्या आपटून बघून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१६ च्या चाचणीत त्या वेळच्या बिनएअरबॅगच्या स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले होते, आणि ती काही हलकी गाडी नव्हती. २०१८ मध्ये त्याच संस्थेकडून पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती नेक्सॉन. पुढं २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनलाही पाच मिळाले, ते नव्या सांगाड्यामुळं आणि एअरबॅगांमुळं. मागच्यांनी पट्टा लावला नाही तर हे सगळे तारे त्यांच्यापुरते विझले. आपल्याकडं मागचा पट्टा सीटखाली कोंबून ठेवायची रीत आहे, तीही ग्रुपवर एकदा बोलायला हवी.

आता मऊ सीट. या चुकीची किंमत मी स्वतः मोजलीय, म्हणून जरा सविस्तर. माझी आधीची गाडी मी सीटवर भाळून घेतली होती. शोरूममध्ये बसलो आणि आत रुतलो, वाटलं घरचा दिवाण. हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत तसंच वाटायचं. कराडच्या पुढं कमरेत कळ. होतं असं की मऊ फोममध्ये बूड खाली जातं आणि कमरेचा बाक तसाच अधांतरी राहतो. पाठीचे स्नायू तो बाक स्वतः धरून ठेवतात, चार-पाच तास. सीटची बैठक आखूड असेल तर मांड्याही अधांतरी, मग सगळा भार बुडावर. आईनं यावर स्वतःचा तोडगा काढला होता: जुनी वाकळ चौपदरी करून बुडाखाली आणि टॉवेलची गुंडाळी कमरेमागं. नवी गाडी घेताना मी ती वाकळ बरोबर नेली. ज्या गाडीत आई म्हणाली, "हिच्यात वाकळ नको," ती घेतली. तिची सीट हाताला चक्क टणक लागते.

सीट बघताना मूठ दाबून बघू नका, वेळ लावून बघा. वीस मिनिटं नुसतं बसा, सेल्समनला चहा आणायला पाठवा. गुडघ्याच्या मागं सीटच्या कडेपर्यंत दोन-तीन बोटं जागा राहावी, त्याहून जास्त राहिली तर बैठक आखूड. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. मागच्या सीटवर एसीची हवा येते का, हे एप्रिलमध्ये दुपारी निघणाऱ्यानं सनरूफच्या आधी विचारावं.

मोठ्या चाकांचं गणित घरच्या घरी होतं. टायरवर २०५/६५ आर १६ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची उभी भिंत, तिसरा रिमचा आकार इंचांत. २०५ चे ६५ टक्के म्हणजे १३३ मिलिमीटर रबर. रिम १७ ची झाली आणि टायर २१५/६० चा, तर भिंत १२९. अजून वर, २१५/५५ आर १८ असेल तर ११८. रस्ता आणि तुमचा मणका यांच्यामध्ये सगळ्यात आधी ही रबराची भिंत असते. रिम मोठी होत गेली की बहुतेक ती भिंतच खर्ची पडते. गाडी फोटोत छान दिसते, हे मान्य. एकाच मॉडेलमध्ये खालच्या व्हेरिएंटला छोटी चाकं असतील तर पुण्याच्या फेरीला तीच बरी.

हवेचंही तसंच. आमच्याकडं पंपावरचा पोरगा सगळ्यांना "पस्तीस करू काय साहेब" म्हणतो. चालवणाऱ्याच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन माणसांची आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. सकाळी टायर थंड असताना त्याप्रमाणं भरा. तीन पौंड जादा भरून मग सस्पेन्शनला शिव्या देणारे मी बघितलेत.

डिझेलबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. भरलेली गाडी चढावर ओढायला डिझेल बरं, आणि कोगनोळीच्या अलीकडे टाकी भरून घेतली की पुण्याहून परत येईपर्यंत पंप शोधावा लागत नाही. पण पैशाचा हिशोब करा. धरून चला की डिझेल गाडी दीड लाखानं महाग आहे. पेट्रोल १०० रुपये आणि गाडी लिटरला १४ किलोमीटरची, तर किलोमीटरला सात रुपये चौदा पैसे. डिझेल ९० आणि गाडी १८ ची, तर पाच रुपये. फरक दोन रुपये चौदा पैशांचा. दीड लाख वसूल व्हायला सुमारे ७० हजार किलोमीटर लागतील. महिन्याला एक पुणं आणि गावातलं थोडं मिळून हजार किलोमीटर झाले तर जवळजवळ सहा वर्षं. आणि मधले तीन आठवडे गाडी फक्त संकेश्वर बाजार ते घर अशीच फिरली, तर बीएस-६ डिझेलच्या धुराड्यातली काजळीची जाळी तुंबते. ती लांब, सलग पळाल्यावर जळून साफ होते, बाजारात जाऊन नव्हे.

ऑटोमॅटिक घाटात चालत नाही हे कधीकाळचं. फक्त ऑटोमॅटिकमध्ये प्रकार आहेत. स्वस्तातल्या एएमटीत, म्हणजे साधा गिअरबॉक्सच यंत्रानं बदलणाऱ्या प्रकारात, प्रत्येक गिअरला प्रवाशांच्या माना डोलतात. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी हे दुसरे दोन प्रकार जास्त मऊ. उतारावर गिअर हातानं खाली घ्यायची सोय आहे का, तेवढं बघा.

अडासचं ऐकून मात्र मला काळजी वाटली. पुढच्या गाडीमागं आपोआप अंतर राखणारी यंत्रणा चांगली आहे, पण तिच्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं की थांबलेलं वाहन तिला दिसेलच असं नाही. आपला हायवे म्हणजे गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्यांचा हायवे. हिरण्यकेशीच्या कारखान्याकडं वळणारी ट्रॉली रात्री साडेदहाला कडेला उभी असते, मागं लाल दिवा नाही, आणि ऊस दोन हात बाहेर आलेला. त्यात सर्व्हिस रोड सोडून समोरून उलटी येणारी मोटारसायकल. पाय मोकळे ठेवायची ही जागा नव्हे.

राहिली टेस्ट ड्राइव्ह. व्हिडिओवाला एकटा असतो, पुढं बसतो, आणि गुळगुळीत रस्त्यावर गाडी पळवतो. तुमच्या गाडीत चौघं असणार. शोरूमवाले सर्व्हिस रोडवर तीन किलोमीटर फिरवून आणतात, तेवढ्यावर सही करू नका. तासभर मागा. मला एका ठिकाणी नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी तेलाचे पैसे देतो म्हटल्यावर हो म्हणाले.

या रविवारी बेळगावला या. तुमच्या यादीतली उंच गाडी मी तासाभरासाठी सांगून ठेवलीय, आणि माझी सेडान आहेच. दोन्ही काकतीवरून वंटमुरी घाटापर्यंत नेऊन आणू. अक्का पुढं बसेल, चालवेन मी. दाजी, तुम्ही मागं बसायचं, डाव्या बाजूला, कडीच्या खाली.