उन्हातला उपग्रहही ऋण होतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: भूस्थिर कक्षेत ऊन लागलेल्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या फोटोइलेक्ट्रॉनांचा (प्रकाशाने उडवलेल्या इलेक्ट्रॉनांचा) प्रवाह प्लाझ्मातून, म्हणजे भोवतालच्या विद्युतभारित कणांच्या विरळ वायूतून, येणाऱ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा मोठा, म्हणजे उन्हातला उपग्रह काही व्होल्ट धनच राहणार. हे वहीत चार ओळींत निघतं, मग त्रिमितीय मेशचा, म्हणजे उपग्रह आणि भोवतालची जागा छोट्या घटकांत कापून संगणकावर सोडवण्याचा, खटाटोप कशाला?

उपग्रह म्हणजे एक गोल धरला, तर तुमचं गणित बरोबर आहे. प्लाझ्माची घनता दर घन सेंटिमीटरला 1 आणि तापमान 10 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं, तर इलेक्ट्रॉनांचा प्रवाह दर चौरस मीटरला सुमारे 2.7 मायक्रोअँपिअर येतो. फोटोइलेक्ट्रॉनांचा साधारण 20. उन्हातला छेद एकूण क्षेत्रफळाच्या पाव असतो हे धरूनही फोटोइलेक्ट्रॉनच भारी पडतात.

पण तो गोल सगळा धातूचा, एकाच विभवावरचा (व्होल्टेजवरचा). उपग्रहावर कॅप्टॉन (प्लास्टिकची पातळ फिल्म) आणि कव्हरग्लास (सौर घटांवरची काच) यांसारखे विद्युतरोधक असतात. सावलीतला रोधक फोटोइलेक्ट्रॉन सोडत नाही आणि शेकडो-हजारो व्होल्ट ऋण होत जातो. त्याचं विद्युतक्षेत्र वळसा घालून उजेडातल्या बाजूसमोर पोचतं आणि तिथे काही व्होल्टचा अडथळा उभा राहतो. फोटोइलेक्ट्रॉनांची ऊर्जा जेमतेम दीड-दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे बहुतेक परत फिरतात. मग अख्खा सांगाडा (उपग्रहाचा धातूचा भाग) ऋण बाजूला खाली जातो. नासाच्या एटीएस-6 या उपग्रहावर उन्हातही सुमारे उणे 2 किलोव्होल्ट मोजले गेले ते यामुळेच. हा अडथळा आकारातून जन्मतो, म्हणून गोलाच्या समीकरणात तो सापडत नाही.

मेश कुठे बारीक करायची हेही यावरूनच ठरतं. वरच्या प्लाझ्मात डिबाय लांबी (ज्या अंतरापुढे प्लाझ्मा विद्युतक्षेत्र झाकून टाकतो) सुमारे 740 मीटर, तेव्हा तिच्यासाठी बारीक घटक नकोत. ते हवेत उजेडातल्या पृष्ठभागासमोरच्या पहिल्या मीटरभरात. तिथे घटक मोठे ठेवले की अडथळा पुसला जातो, फोटोइलेक्ट्रॉन खुशाल निसटतात आणि मॉडेल तुमच्या वहीचंच उत्तर देतं. घटकांचा आकार निम्मा करून पुन्हा चालवा. सांगाड्याचा विभव हलला तर पहिली मेश अपुरी होती. बाहेरची सीमाही उपग्रहाजवळ शून्य व्होल्टला बांधू नका. इथे विभव अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, सीमेवरची अट तशीच हवी.

वेळेचं गणित तर याहून फसवं. 1 मीटर त्रिज्येच्या गोलाची धारिता (भार साठवण्याची क्षमता) सुमारे 111 पिकोफॅरड. दर चौरस मीटरला 1 मायक्रोअँपिअर निव्वळ प्रवाह आला की गोल सेकंदाला लाखभर व्होल्टच्या वेगाने खाली जातो. 50 मायक्रॉन कॅप्टॉनची धारिता मात्र दर चौरस मीटरला 0.6 मायक्रोफॅरड, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला सेकंदाला दोन व्होल्टही नाहीत. एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढचं मूल्य फक्त आताच्या मूल्यांवरून काढणाऱ्या) 1 सेकंदाचं पाऊल टाकलं की उत्तर उसळ्या मारतं आणि दोष प्लाझ्माला दिला जातो. इम्प्लिसिट सॉल्व्हर (पुढच्या क्षणाची मूल्येच समीकरणात धरून सोडवणारा) घ्या आणि काही सेकंदांवर थांबू नका. सांगाडा स्थिर दिसत असतो, रोधकाला हजार व्होल्ट गाठायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

ग्रहणकाळात (उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असताना) पहिला अंदाज बांधायला तुमचा ताळेबंद उत्तम, आणि कोड तपासायलाही. आधी चालक गोल चालवा. उत्तर वहीशी जुळलं पाहिजे. मग त्याच गोलाच्या सावलीतल्या अर्ध्यावर 50 मायक्रॉन कॅप्टॉन चढवा, बाकी काही बदलू नका, आणि अर्ध्या तासानंतरचा सांगाड्याचा विभव पाहा.