‘ब्वेनो’ म्हणजे ‘गुड’ नव्हे

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: स्पॅनिश आणि इंग्रजी सख्ख्या बहिणी, रोजच्या स्पॅनिशचं इंग्रजी करायला डिक्शनरी पुरते, आणि मराठी मीडियमच्या मुलांनी तर या नादाला लागूच नये. सात रस्त्याजवळ मी स्पॅनिश शिकवते. हे वाचून गप्प बसवेना.

सख्ख्या बहिणी कशाच्या? स्पॅनिश लॅटिनची लेक, इंग्रजी जर्मॅनिक घराण्यातली. सारखे दिसणारे शब्द म्हणूनच फसवतात. पार्टीला ‘आसिस्तीर’ करणं म्हणजे हजर राहणं, मदत करणं नव्हे.

डिक्शनरीचं म्हणाल तर फोनपासूनच बघा. फोन उचलल्यावर मेक्सिकोत ‘ब्वेनो’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘दिगा’. शब्दशः ‘चांगलं’ आणि ‘सांगा’. इंग्रजीत दोन्हींचं ‘हॅलो’. टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने ‘नो से प्वेदे पोनेर’चं इंग्रजी वहीत लिहिलं, ‘ही कॅनॉट पुट हिमसेल्फ’. डिक्शनरीप्रमाणे सगळं बरोबर, पण अर्थ लागेना. मी विचारलं, “साहेबांना फोनवर येता येत नसेल तर तू काय सांगतेस?” ती म्हणाली, “साहेब कामात आहेत, नंतर लावा.” मग तिने स्वतःच वरची ओळ खोडली आणि लिहिलं, ‘ही कान्ट कम टु द फोन’. ‘दे पार्ते दे क्येन’चंही तसंच. अक्षरशः ‘कोणाच्या वतीने’, पण विचारायचं असतं ‘कोण बोलतंय?’

पार्टीच्या शब्दांत तर पैशाचा प्रश्न येतो. ‘यो इन्बितो’ म्हणजे ‘आज माझ्याकडून’. ‘आय इन्व्हाइट’ लिहिलंत तर बिल कोण देणार ते कळत नाही. ‘मान्याना एस फिएस्ता’ म्हणजे उद्या सुट्टी. पार्टी समजून आपण ऑर्डरसाठी फोन लावत बसायचं आणि तिकडे ऑफिसला कुलूप!

राहिली मराठी मीडियमची मुलं, आणि ते वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ‘मे गुस्ता ला फिएस्ता’, मला पार्टी आवडते. ‘मे गुस्तान लास फिएस्तास’, मला पार्ट्या आवडतात. ‘मी’चा ‘मला’ होतो, आणि क्रियापद पार्टीमागे एकवचनी-अनेकवचनी होतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीच्या ‘आय लाइक’ला हे वळण नाही. माझ्या वर्गात मराठीतून शिकलेल्यांना ते एकदाच सांगावं लागतं.