‘व्हीआरडी लागू पडली की प्रत्यारोपण नको’ म्हणे!

परभणी-नांदेडकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवरून फिरत एक मेसेज आमच्या आत्याच्या फोनवर येऊन पडलाय. आत्याला मायलोमा (मज्जेतला रक्ताचा कॅन्सर), व्हीआरडीची, म्हणजे बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन (डेक्सा) या तीन औषधांची, तिसरी सायकल (फेरी) चालू. मेसेज म्हणतो: व्हीआरडीने रोग दबला की प्रत्यारोपण (स्वतःच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, काढून मोठ्या केमोनंतर परत चढवणं) नको, फ्रान्समध्ये सिद्ध झालंय; डेक्सा स्टेरॉइड आहे, बंद करा; बोर्टेझोमिब कातडीखाली घेऊ नका, शिरेतूनच मागा; रोज तीन कप ग्रीन टी प्या; आणि पैसेवाल्यांना चार औषधं देतात, त्यांना प्रत्यारोपण लागतच नाही. आता आत्या विचारतेय, पुण्याची प्रत्यारोपणाची तारीख रद्द करू का?

फ्रान्सचा अभ्यास खरा आहे. नाव ‘आयएफएम २००९’, ७०० पेशंट, २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. एका गटाला व्हीआरडीच्या ८ सायकली. दुसऱ्याला ३ सायकली, प्रत्यारोपण, मग आणखी २. प्रत्यारोपण झालेल्यांत निम्म्या पेशंटांचा रोग ५० महिने तरी दबून राहिला, नुसत्या औषधांवर ३६. चार वर्षांनी हयात असलेले मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच, ८१-८२ टक्के. हे मान्य करावंच लागतं, आणि मेसेजवाल्याने नेमकं एवढंच उचललंय. पुढचं गाळलं: तिसऱ्या सायकलीनंतर दोन्ही गटांच्या स्टेम सेल काढून ठेवल्या होत्या. औषधांच्या गटात रोग उलटून ज्यांना पुन्हा उपचार लागले, त्यातल्या ७९ टक्क्यांचं प्रत्यारोपण झालंच. म्हणजे तुलना ‘आत्ता की नंतर’ अशी होती. ‘नकोच’ कुणी म्हटलं?

आणि ‘नंतर’साठी सेल आधी हातात लागतात. लेनालिडोमाइड जास्त सायकली चाललं की त्या मज्जेतून रक्तात उतरायला कुरकुरतात, म्हणून साधारण चौथ्या सायकलीच्या आसपास ही गोळी थांबवून त्या काढतात. त्यासाठी जीसीएसएफ (सेल रक्तात उतरवणारं इंजेक्शन) वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३०० च्या दोन व्हायल. पाचव्या दिवशी रक्तातून सेल वेगळ्या करणाऱ्या मशीनवर. किलोमागे किमान २० लाख सीडी-३४ पेशी (म्हणजेच स्टेम सेल) हव्यात. नाही आल्या तर प्लेरिक्साफोर हे आणखी एक इंजेक्शन, आणि त्याची किंमत ऐकून घरचे गप्प होतात. लातूर-नांदेडकडे इंजेक्शनं जवळ घेतात, प्रत्यारोपणाला पुण्या-मुंबईला जातात. तारीख आणि पैशाची वाट बघण्यात सहावी-सातवी सायकल उजाडते. रेफरल दुसऱ्या सायकलीलाच मागा. आणखी एक: साध्या फ्रिजमध्ये, ४ अंशांवर, सेल फार तर दोन-तीन दिवस ठेवतात. वर्षानुवर्षं ठेवायच्या तर खोल गोठवण लागते. ती सोय आहे का, हे न विचारता ‘नंतर बघू’ म्हणणं म्हणजे काहीच न ठेवणं.

ग्रीन टीचा सल्ला तर उरफाटाच. बोर्टेझोमिबच्या रेणूतल्या बोरॉनलाच ग्रीन टीतलं ईजीसीजी हे रसायन चिकटतं आणि औषध निकामी करतं. २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत हे दिसलं. माणसावर तपासून बघायची हौस कुणाला नसावी. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलही नकोत.

डेक्सा हे व्हीआरडीतलं ‘डी’ आहे, उगं जोडलेलं नाही. साखर वाढते, झोप उडते, हे खरं. त्यासाठी आठवड्याची ४० मिलिग्रॅमची मात्रा डॉक्टर कमी करतात, गोळी सकाळी खाऊन घ्यायला सांगतात. स्वतः बंद करू नका. मेसेजमध्ये नसलेली, नागिणीविरुद्धची असायक्लोव्हिरची गोळीही चुकवू नका. बोर्टेझोमिबवर नागीण उठते.

शिरेतून की कातडीखाली? २०११ चा २२२ जणांचा अभ्यास आहे. गुण सारखाच; हातापायाच्या नसांचा त्रास कातडीखाली ३८ टक्क्यांना, शिरेतून ५३ टक्क्यांना.

चार औषधांचं अर्धं खरं. डाराटुमुमॅब हे चौथं औषध जोडल्यावर चार वर्षांनी रोग न वाढता हयात असलेले ८४ टक्के, तीन औषधांवर ६८ (पर्सियस नावाचा अभ्यास, २०२४). महाग आहेच. पण त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या उपचारात प्रत्यारोपण ठरलेलंच होतं. ज्यांना डाराटुमुमॅब मिळणार असेल त्यांनी पहिल्या डोसआधी रक्तगट आणि अँटिबॉडीची तपासणी करून ब्लड बँकेला कळवावं, नाहीतर पुढे रक्त चढवायच्या वेळी क्रॉसमॅच (रक्त जुळवून बघणं) अडतं.