डेमेरिटच्या आजोबांचं काय?

आज ऑफिसात मोटिव्हेशनचं सेशन होतं. बाहेरून बोलावलेला ट्रेनर, कानाला माइक, आणि पडद्यावर एका अमेरिकन फुटबॉलपटूचा फोटो. जे डेमेरिट. "खिशात 1800 डॉलर, पाठीवर सॅक आणि मनात जिद्द! हा माणूस इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगपर्यंत पोचला, मग तुम्हाला कोण अडवतंय?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हाताची घडी घालून बसलो. शेजारची म्हणाली, काय रे, बरं नाही का?

नाहीच बरं. कारण डेमेरिट आपला माणूस आहे आणि त्याचं असं पोस्टर केलेलं मला बघवत नाही.

गोष्ट खोटी नाही. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेचा पोरगा, शिकागोला कॉलेजकडून खेळला. एमएलएस म्हणजे अमेरिकेची मोठी लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणी विचारलं नाही. 2003 साली उठून लंडनला गेला आणि साउथॉलकडून खेळू लागला. इंग्लिश फुटबॉलची नववी पायरी, आठवड्याला 40 पाउंड. पुढच्या वर्षी नॉर्थवुडकडून एका सराव सामन्यात दुसऱ्या पायरीवरच्या वॉटफर्ड क्लबसमोर उभा राहिला. वॉटफर्डचे मॅनेजर रे लुइंग्टन यांनी त्याला ट्रायलला बोलावलं आणि करार मिळाला.

आता ट्रेनरसाहेबांच्या स्लाइडवर नव्हतं ते ऐका. डेमेरिटचे आजोबा जन्माने डेन्मार्कचे. त्यामुळे त्याला युरोपात काम करायचा हक्क मिळत होता, आणि ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होतं. हे आजोबा नसते तर? तेव्हाचा नियम असा होता: युरोपात काम करायचा हक्क नसलेला खेळाडू असेल तर त्याचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात हवा, आणि त्यानं मागच्या दोन वर्षांत देशाच्या 75 टक्के स्पर्धात्मक सामन्यांत खेळलेलं हवं. डेमेरिट तोवर अमेरिकेकडून एकही सामना खेळलेला नव्हता. जिद्द कितीही असो, लुइंग्टनना तो आवडला असता आणि तिथेच विषय संपला असता.

मला हे एवढं झोंबतं ते दादामुळे. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, कोल्हापुरात पेठेतल्या तालमीकडून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळायचा. शाहू स्टेडियमवर त्याचं हेडर मी कट्ट्यावर बसून बघितलंय. समोरचा उडी मारायच्या आत हा वर असायचा. ज्युनियरच्या निवडीला नाव पक्कं होतं, आणि अडलं ते शाळेच्या दाखल्यावर. आत्या सांगते, पोरगं बेंदराच्या आदल्या दिवशी झालं. दाखल्यावर मात्र 1 जून, आणि तीही आदल्या वर्षाची. गुरुजींनी वर्गातली निम्मी पोरं 1 जूनलाच जन्माला घातली होती! दाखला मी पाहिलाय. निळ्या शाईतलं टपोरं अक्षर, कुठे खाडाखोड नाही, खाली गोल शिक्का. त्या सुंदर अक्षरानं दादा वयात बसेना झाला.

दादाची जिद्द कमी पडली म्हणायची का? सांगा ना, ट्रेनरसाहेब.

बरं, मान्य. डॅनिश आजोबा असलेले शेकडो अमेरिकन असतील, ते काही सगळे लीड्सविरुद्ध गोल करत नाहीत. पुढे चला.

लीड्सवरून आठवलं. 21 मे 2006, कार्डिफ. प्लेऑफची फायनल, जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये. अ‍ॅशली यंगचा कॉर्नर आला आणि डेमेरिट त्या गर्दीतून असा वर आला की बस्स. वॉटफर्ड 3-0 जिंकलं, पहिला गोल ह्याचा. दादाला ती क्लिप पहिल्यांदा दाखवली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आयला, ह्यो तर आपल्यासारखाच स्टॉपर हाय की." मग पुन्हा लावायला सांगितली.

आणि हो, प्रीमियर लीगमध्ये वॉटफर्ड पहिल्याच वर्षी तळाला राहून खाली गेलं. तेही स्लाइडवर नव्हतं. डेमेरिट मात्र राहिला, कॅप्टन झाला. 2009 मध्ये कॉन्फेडरेशन्स कपला अमेरिकेनं स्पेनला 2-0 हरवलं तेव्हा बचावात हा होता. त्याच वर्षी कॉन्टॅक्ट लेन्सवरून डोळ्याला संसर्ग झाला आणि कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बदलावा लागला. दुसऱ्याच्या कॉर्नियातून बघत हा माणूस 2010 च्या वर्ल्ड कपला इंग्लंडच्या रूनीसमोर उभा राहिला आणि अमेरिकेचे चारही सामने खेळला. इथे राग ओसरतो माझा, काय करू. मग एमएलएसमधलं व्हँकुव्हर, तिथेही कॅप्टन. 2013 च्या पहिल्याच सामन्यात टाचेची शीर तुटली आणि 2014 च्या जानेवारीत त्यानं बूट काढून ठेवले. ड्राफ्टमध्ये ज्याला कुणी घेतलं नाही त्याला त्याच लीगमध्ये आल्यावर कॅप्टनचा पट्टा बांधला, ह्याचं मला आजही बरं वाटतं.

पण 2009 वर परत येतो, कारण तिथे माझं डोकं फिरतं. त्याच साली आपल्या सुनील छेत्रीला क्वीन्स पार्क रेंजर्सनं करार दिला होता. पश्चिम लंडनचाच क्लब, आणि डेमेरिटचं वॉटफर्ड तेव्हा ज्या डिव्हिजनमध्ये होतं त्याच डिव्हिजनमधला. वर्क परमिट नाकारलं. कारण? भारत पहिल्या सत्तरात नाही. म्हणजे छेत्रीचं स्वतःचं काही चुकलंच नाही. बाकीच्या दहा जणांचं, फेडरेशनचं, मैदानांचं, सगळ्याचं ओझं त्याच्या एकट्याच्या अर्जावर. ह्याची स्लाइड कुणी करणार नाही, कारण त्यावर टाळ्या पडत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी आमचे इन्क्रिमेंट 'धोरणानुसार' थांबवले, तेव्हा टाळ्या कुठे पडल्या होत्या?

कमेंटमध्ये "पण जिद्द लागतेच" लिहायला निघालेल्यांनी दादाला भेटून यावं. आता पन्नाशीत आलाय, तरी दर रविवारी पोरांना मैदानावर घेऊन जातो. शिवाय नव्या पोराच्या आईला पहिला प्रश्न विचारतो: जन्माचा दाखला महापालिकेचा हाय का शाळंचा?

आणि मंडळी, एक काम. त्या वॉटफर्ड-लीड्स सामन्याचा पूर्ण व्हिडिओ कुणाकडे असेल तर लिंक टाका. हायलाइट्स नकोत, ते आहेत. दादाला गोल बघायचा नाहीये, उरलेल्या वेळात ह्यानं लीड्सच्या फॉरवर्डना कसं धरून ठेवलं ते बघायचंय.